संमेलनातल्या संध्याकाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी कार्यकर्ता संमेलनाची नोंदणी सुरू झाली की दिवसाच्या सत्रांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विषय छापलेले असतात, वक्ते ठरलेले असतात. मेसेज येतात ते सगळे संध्याकाळबद्दल: किती वाजेपर्यंत, काय काय, यायलाच हवं का, घरी काय सांगू. गेली काही वर्षं संध्याकाळचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तेच तेच प्रश्न एका जागी लिहून ठेवतोय. यंदाचा तीन दिवसांचा मुक्काम वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात आहे, त्यामुळे काही उत्तरं तिथल्यापुरती आहेत.

१. संध्याकाळी नेमकं असतं तरी काय?

साडेपाचला शेवटचं सत्र संपतं. म्हणजे संपायला हवं, बाकी वक्त्याच्या हातात. सहाच्या सुमारास आश्रमात प्रार्थना असते (प्रश्न ९). सातला पंगत. आठ ते दहा कार्यक्रम, आणि दहानंतर ज्यांना झोप येत नाही त्यांच्यासाठी शेकोटी.

पहिल्या रात्री ओळख आणि समूहगीतं. दुसऱ्या रात्री जलसा आणि पथनाट्यं. तिसऱ्या रात्री खुला मंच: कविता, एकपात्री, कुणाच्या गावातल्या आंदोलनाची हकिगत, काहीही, प्रत्येकी सात मिनिटं. सात म्हणजे सातच. मागे एका मित्रानं धरणग्रस्तांवरची कविता बावीस मिनिटं वाचली होती आणि त्याच्यानंतरच्या दोघींना वेळच उरला नाही. तेव्हापासून समोरच्या रांगेत एक जण ताट घेऊन बसतो. सात मिनिटं झाली की चमच्यानं वाजवतो.

२. दिवसभर चर्चा ऐकून डोकं भणभणतं. संध्याकाळी नाही आलं तर चालेल का?

चालेल. हजेरी नाही, प्रमाणपत्राशी संबंध नाही. खोलीत पडून राहा, फिरायला जा, घरी फोन करा. फक्त परिसराबाहेर जाणार असाल तर खोलीतल्या एकाला तरी सांगून जा.

पहिल्या रात्री मात्र यावं असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी गटचर्चेत कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, ते बरंचसं आदल्या रात्री कोण कुणाशेजारी बसलं होतं यावर ठरतं, हे मी दर वर्षी बघतो.

३. मला गाता येत नाही. समूहगीतांमध्ये मी काय करू?

समूहगीत हे गाता न येणाऱ्यांसाठीच असतं. चाल चार सुरांत फिरते, ध्रुवपद तीनदा येतं, तिसऱ्यांदा तुम्ही म्हणायला लागलेले असता. शब्दांचे कागद वाटतो. एका ओळीला एक जण पुढे, बाकीचे मागून, त्यामुळे बेसूर आवाजही गर्दीत खपून जातो.

ही पद्धत आपण शोधलेली नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव हेच केलं. निळू फुल्यांसारखा नट त्याच कलापथकातून आला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा क्रम तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथेही दिवसा घमेली आणि संध्याकाळी गाणी.

४. वेळापत्रकात ‘जलसा’ लिहिलंय. म्हणजे गाण्याची मैफल का?

नाही. हा वेगळा जलसा. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला. पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी आपला विचार खेड्यात न्यायला तमाशाचाच साचा उचलला, कारण लोकांना तो साचा ओळखीचा होता. भाषणाला न येणारा माणूस ढोलकीच्या आवाजावर येतो. तमाशात गण (सुरुवातीचं वंदन), गौळण (कृष्ण आणि गौळणींची छेडछाड), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य नाट्य) असा क्रम. जलसेकऱ्यांनी तोच क्रम ठेवून आतला माल बदलला. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, भट आणि कुळ आले.

१९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातलं, गौळण काढून टाकली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांच्या फडांना किती गर्दी व्हायची, ते घरातल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा.

आपल्याकडे काय होतं? पाच-सहा जण महिनाभर आधी एक प्रश्न धरतात (मागे शिष्यवृत्ती न मिळाल्यानं वसतिगृह सोडावं लागलेल्या मुलाचा धरला होता), त्यावर बतावणी लिहितात. एक शहाणा, एक सोंगाड्या. सोंगाड्या अडाणी प्रश्न विचारत जातो आणि शहाण्याची भंबेरी उडते. समाजकल्याणच्या खिडकीवरचा संवाद होता: ‘कागद अपुरा आहे.’ ‘कोणता?’ ‘तो कागदावर लिहिलाय.’ ‘तो कागद कुठंय?’ ‘अपुरा आहे.’ मागच्या रांगेतला एक मुलगा हसता हसता रडायला लागला. नंतर कळलं, त्याचा अर्ज तेव्हाही अडकलेलाच होता.

५. आमच्या कॉलेजचं पथनाट्य आहे. किती वेळ, किती जण, काय सामान?

वीस मिनिटं, दहापर्यंत कलाकार, सामान शून्य. ओढणी, काठी, डफ एवढं पुरतं. मंच नाही. प्रेक्षक चारही बाजूंनी बसतात, त्यामुळे रंगमंचावरचं नाटक तसंच उचलून आणलं तर अर्ध्या लोकांना पाठच दिसते. तालमीत चार मित्र चार कोपऱ्यांत बसवा आणि प्रत्येकाला ऐकू येतं का ते विचारा. माईक देत नाही.

संहिता आधी मागतो, ती मंजुरीसाठी नाही. एकाच विषयाची तीन नाटकं एका रात्रीत नकोत म्हणून.

कुणीतरी दर वर्षी विचारतं, ‘एवढं गंभीर कशाला घ्यायचं, गंमतच तर आहे.’ १ जानेवारी १९८९ ला गाझियाबादजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत पथनाट्य चालू असताना जन नाट्य मंच या पथनाट्य संस्थेचे सफदर हाश्मी यांच्या गटावर हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार मारला गेला, दुसऱ्या दिवशी सफदर गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि जन नाट्य मंचाचे बाकी कलाकार त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. गंमत जरूर करा, विनोदाशिवाय पथनाट्याला कुणी थांबतच नाही. पण पाठांतर करून या.

६. हलगी, डफ, ढोलकी आणू का?

जरूर. नाव लिहून आणा, नाहीतर परत जाताना दोन ढोलक्यांची अदलाबदल ठरलेली.

हलगीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दर वर्षी याच गोष्टीवर गोंधळ होतो. कातड्याची हलगी रात्रीच्या दवात ढिली पडते, आवाज ‘धप्प’ येतो. ती शेकावी लागते. कागद-काटक्यांचा छोटा जाळ करायचा, हलगी तिरकी धरून फिरवत राहायची, मध्येच टिचकी मारून ऐकायचं. ‘धप्प’चं ‘टण्ण’ झालं की थांबायचं. जास्त शेकली तर कातडं फाटतं. आमच्याबरोबर येणारे हलगीवाले काका हे न बघता, बोलता बोलता करतात. अलीकडे प्लॅस्टिकच्या पानाच्या हलग्या मिळतात, त्या शेकायच्या नसतात. हे आम्हाला एका उत्साही मित्रामुळे कळलं. वास दोन दिवस गेला नाही आणि त्या वर्षीचा जलसा स्टीलच्या पिंपावर वाजला. वाजला मात्र झकास.

७. दहाला माईक का बंद करता? आपण काय लग्नाची वरात आहोत का?

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना सारखे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि दहाच्या आतही लावायला लेखी परवानगी लागते. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणा-उत्सवांत संपतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, ते वेगळंच. सेवाग्रामला मोठं रुग्णालय आहे, हे लक्षात असू द्या.

पुढचा प्रश्न हमखास येतो: ‘माईक नाही, नुसती हलगी वाजवली तर?’ तीही नाही. नियमात वाद्यंही आहेत. बंद सभागृहाला सूट आहे, पण आपलं सभागृह पत्र्याचं आहे. त्याला बंद म्हणणं म्हणजे आपलीच फसवणूक.

आणि ज्या परिषदेत दिवसा पर्यावरण आणि नागरिकांचे हक्क यावर ठराव होतात, तिच्या आवाजानं शेजारचा पेशंट जागा राहणं मला तरी बरं वाटत नाही. ‘डीजे का नाही?’ असंही काही जण विचारतात, त्याचं उत्तरही इथंच आलं.

८. मग दहानंतर काय?

शेकोटी, गप्पा, हळू आवाजात गाणी. बहुतेकांना वर्षभर लक्षात राहतो तो हाच भाग. शेकोटी ठरलेल्या जागीच, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी, साडेअकराला विझवायची. वाळलेला पालापाचोळा चालेल, झाडाची फांदी तोडायची नाही. तिथे बोललेलं तिथेच राहतं. कुणी आपली गोष्ट सांगितली तर ती सकाळच्या सत्रात उदाहरण म्हणून वापरू नका.

९. प्रार्थनेला जावंच लागतं का? मी नास्तिक आहे / माझा धर्म वेगळा आहे.

नाही. ती आश्रमाची रोजची प्रार्थना आहे, संमेलनाचा कार्यक्रम नाही. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हापासूनचा तो परिपाठ. सर्वधर्म प्रार्थना असते, उघड्या आकाशाखाली, आणि कुणीही मागे शांत बसू शकतं. डॉ. आंबेडकरांना मानणारे आमचे काही मित्र तत्त्व म्हणून जात नाहीत, आणि त्यावरून शेकोटीला दर वर्षी चांगली खडाजंगी होते. होऊ द्यावी. फक्त प्रार्थना चालू असताना शेजारी उभं राहून घोषणा नकोत, आणि न जाणाऱ्याला ‘का रे आला नाहीस’ हेही नको.

१०. पहिल्या रात्रीच्या ओळखीत आडनाव सांगावं लागतं का?

नाही. नाव, गाव आणि आता काय करता एवढंच. आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. ‘तुमच्याकडे हे आडनाव कुठल्यात येतं?’ असं विचारणाऱ्यांना मी एकदा हसून आणि दुसऱ्यांदा न हसता थांबवतो. बिल्ल्यावरही फक्त पहिलं नाव असतं. ज्यांना आडनाव अभिमानानं सांगायचंय त्यांनी खुशाल सांगावं.

११. ‘एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे’ हा खेळ घेता का? आमच्या कॉलेजात भारी झाला होता.

आता नाही. घ्यायचो. सगळे एका रेषेत उभे. ‘घरात पुस्तकांचं कपाट होतं ते एक पाऊल पुढे.’ ‘आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात ते एक पाऊल मागे.’ वीस प्रश्नांनंतर कोण कुठे उभं आहे ते बघायचं आणि विषमतेवर चर्चा करायची. पुढे उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि आम्हाला वाटायचं, सत्र यशस्वी झालं.

एका वर्षी बाराव्या-तेराव्या प्रश्नालाच एका मुलीची पाठ भिंतीला लागली. ‘एक पाऊल मागे’ म्हटलं की ती नुसती टाच उचलायची आणि भिंतीलाच परत टेकवायची. हसत होती. रात्री जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, ‘दादा, त्यांना कळावं म्हणून मी भिंतीला का टेकायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

हल्ली चिठ्ठ्यांवर कल्पित माणसं लिहून वाटतो: ऊसतोड कामगाराची मुलगी, बँक मॅनेजरचा मुलगा, अशी. ज्यानं त्यानं त्या माणसाच्या पावलांनी चालायचं. त्यातही खोटेपणा आहे, पण निदान कुणाची स्वतःची पाठ उघडी पडत नाही.

१२. घरचे विचारतात, मुलींनी रात्री दहापर्यंत कार्यक्रमात थांबायचं म्हणजे काय? सोय काय आहे?

मुलींची निवास व्यवस्था कार्यक्रमाच्या जागेपासून पाच मिनिटांवर, वाटेत दिवे. नऊ, दहा आणि साडेअकरा अशा तीन वेळांना दोन कार्यकर्त्या सोबत जातात. लवकर परतायचं असेल तर कारण सांगावं लागत नाही. आई-बाबांना थेट बोलायचं असेल तर नोंदणीच्या फोनवर एका ताईंशी बोलता येईल. मुलांच्या खोल्यांना जी वेळेची अट, तीच मुलींच्या. ‘मुलींनी साडेनऊला आत’ असा नियम एकदा सुचला होता, मुलींनीच सभेत हाणून पाडला.

१३. कार्यक्रमात किंवा नंतर कुणी त्रास दिला तर?

पिवळा बिल्ला लावलेल्या कुणाही कार्यकर्तीला सांगा, रात्री कितीही वाजता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत शिबिरं आणि सांस्कृतिक महोत्सवांच्या जागाही ‘परिसर’ मानल्या आहेत. म्हणजे ‘ते कॉलेजबाहेर घडलं’ असं म्हणून कॉलेजला हात झटकता येत नाहीत. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, ती लिहायला आम्ही मदत करू. करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

अपवाद एक: त्रास झालेली व्यक्ती अठराच्या आतली असेल (अकरावी-बारावीचे बरेच जण येतात) तर पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. तिथे ‘आपसात मिटवू’ हा पर्याय आम्हालाही नाही, तुम्हालाही नाही. आणि त्रास देणारा चळवळीतला जुना, मोठा माणूस असेल तरी नियम तेच.

१४. दारू, सिगारेट?

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली, त्यावरून ‘आता इकडेही चालतं’ असा समज करून घेऊ नका. बंदी नसलेल्या जिल्ह्यात संमेलन असलं तरी आमचा नियम तोच. खर्रा-तंबाखूही नाही. इकडच्या मित्रांना हेच सगळ्यात जड जातं.

१५. माहितीपट दाखवायचाय. पेन ड्राइव्हवर आहे.

कुणाचा आहे आणि परवानगी आहे का? कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित माणसं एवढ्याच प्रेक्षकांपुरती सूट आहे. आपल्याकडे अनेक कॉलेजांची मुलं आणि वर गावकरीही (प्रश्न १६), त्यामुळे त्या सुटीवर विसंबू नका. दिग्दर्शकाला दोन ओळींचा मेल करा. माहितीपट करणारे बहुतेक लोक आनंदानं हो म्हणतात.

१६. गावातले लोक बघायला आले तर?

यावेत म्हणूनच जलसा उघड्यावर ठेवतो. पोरं पुढे येऊन बसतात, बाया मागे उभ्या राहतात. त्यांना मागे उभं ठेवू नका, सतरंजी सरकवून जागा द्या. आणि भाषा सांभाळा. ‘पितृसत्ताक संरचना’ म्हटलं की पोरं उठून जातात, सोंगाडी आला की परत येतात.

१७. दोन संघटनांची मुलं घोषणांवरून भिडली तर काय करता?

घोषणा द्यायला बंदी नाही, दुसऱ्याचं गाणं चालू असताना द्यायची नाही एवढंच. तरी पेटलंच तर दोन्हीकडच्या एकेकाला दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांच्या पाळीवर एकत्र लावतो. कणीक मळताना फार वेळ भांडता येत नाही. एकदा ही युक्ती फसली आहे. त्या दिवशी पोळ्या जळल्या.

१८. मी व्हीलचेअर वापरतो. माझ्या मैत्रिणीला ऐकू येत नाही. आमच्यासाठी संध्याकाळी काय?

नोंदणीतच लिहा, आयत्या वेळी नीट होत नाही. जलशाचं मैदान सपाट आहे, शेकोटीची जागा नव्हती म्हणून ती हलवली. संध्याकाळी खुणेची भाषा सांगणारी व्यक्ती फक्त दुसऱ्या रात्री मिळते, हे मान्य करतो. बाकी रात्री गाण्यांचे आणि संहितेचे छापील कागद आधी देऊ. हलगी मात्र तुमची मैत्रीण न ऐकताही थरथरीवरून ओळखेल: गेल्या खेपेस एक जण पिंपावर तळवा टेकवून शेवटपर्यंत ताल देत होता.

१९. फोटो, रील काढू का?

जलसा आणि पथनाट्याचे, कलाकारांना विचारून. शेकोटीचे नाही. खुल्या मंचाचे बोलणाऱ्यानं हो म्हटलं तरच. काही जणांच्या घरी माहीत नसतं की ते इथे आहेत, काहींवर गावात बहिष्कार आहे.

२०. तिसऱ्या रात्रीची गाडी आहे. कार्यक्रम सोडून निघू का? सोबत काय आणू?

निघा, पण तिकिटावर स्टेशन बघा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी जंक्शनं आहेत, दर वर्षी कुणीतरी एकाचं तिकीट घेऊन दुसऱ्यावर उभं असतं. रिक्षा आठच्या आत सांगून ठेवा.

सोबत चादर, स्वेटर, टॉर्च, आणि स्वतःचं ताट-वाटी-पेला. आपलं ताट आपणच घासायचं, आणि घासताना शेजारच्याचं दिसलं तर तेही.